पाटाच्या कडेची वाट कुणाची?

लासूर स्टेशनच्या जवळून समृद्धी महामार्ग जातो. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, सहा पदरी, मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा, दोन्ही अंगांनी बंदिस्त. त्यावर सायकलीला बंदी आहे, दुचाकीला आणि तीनचाकीलाही. या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. शंभराच्या वर पळणाऱ्या मोटारींच्या शेजारून सायकल चालवू देणं म्हणजे माणसाला मरायला पाठवणं. मला त्या बंदीत वेगळीच गोष्ट दिसते. एखाद्या रस्त्यावर कुणी यायचं आणि कुणी यायचं नाही, हे ठरवून ते शेकडो किलोमीटर अमलात आणणं आपल्या शासनाला जमतं. भिंत बांधता येते, नाके उभारता येतात, गुरांसाठी आणि माणसांसाठी खालून बोगदे काढता येतात. म्हणजे ताकद आहे. ती आजवर एकाच बाजूने वापरली गेली: वेगवानांच्या वाटेतून संथांना काढण्यासाठी. संथांच्या वाटेतून वेगवानांना काढायचं, असा एकही लांब रस्ता मराठवाड्यात मला माहीत नाही.

फ्रान्समध्ये असे रस्ते हजारो किलोमीटर आहेत. तिकडे सायकलवर फिरून आलेली आपली माणसं त्यांचं वर्णन मोठ्या हौसेने करतात आणि चूक तिथेच होते. पश्चिम फ्रान्समध्ये निओर आणि ला रोशेल या शहरांच्या दरम्यान मारे प्वातव्हँ नावाचा दलदलीचा मोठा प्रदेश आहे, सुमारे एक लाख हेक्टरांचा. कामार्ग सोडलं तर त्या देशातली सर्वांत मोठी पाणथळ. आत अरुंद कालव्यांचं जाळं, पाण्यावर हिरव्या शेवाळवजा वनस्पतीचा थर, काठाला छाटून बुटके केलेले ॲश वृक्ष आणि मागे उंच पॉप्लर. सपाट बुडाच्या होड्या. गाई चरायला न्यायच्या तर पूर्वी होडीतून न्यायच्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून ला रोशेलपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर जाणारा 'व्हेलो फ्रान्सेत' हा सायकलमार्ग या दलदलीतून जातो. तासन् तास चाललं तरी मागून हॉर्न नाही. बगळे दचकत नाहीत. मग परतलेला प्रवासी लिहितो, 'त्या लोकांनी निसर्ग जपलाय, त्यांच्यात ती संस्कृतीच आहे.'

या वाक्याने आपली सुटका होते, म्हणून ते आपल्याला आवडतं. निसर्ग त्यांचा, संस्कृती त्यांची, त्याला आपण काय करणार!

पण ती दलदल निसर्गाने दिलेली नाही. तिथे समुद्राचं आखात होतं, ते गाळाने भरत आलं. मध्ययुगात मठांतल्या साधूंनी तिथे बांध घातले आणि चर खणले. पाच मठांनी मिळून खणलेला 'पाच मठाधिपतींचा कालवा' 1217 चा. पुढे सतराव्या शतकात हॉलंडकडून आलेल्या तज्ज्ञांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. हिरवं व्हेनिस म्हणून ज्याची चित्रं छापतात, ते आठशे वर्षांचं पाटबंधारे खातं आहे.

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो लासूरपासून फार लांब नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बंधारा बांधला. हेतू शुद्ध सिंचनाचा. डावा आणि उजवा कालवा काढायचा, नगरकडची कोरडी जमीन भिजवायची. नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झालं, लव्हाळं माजलं, बेटं तयार झाली. अभियंत्याच्या दृष्टीने हे अपयश. साठवण कमी झाली. बदकांच्या दृष्टीने मात्र मेजवानी. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये नांदूर मधमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ही पक्षीनिरीक्षकांच्या ओळखीची गावं. माणसाने वेगळ्याच कामासाठी पाणी अडवलं आणि पाणथळ मिळाली. प्वातव्हँचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

आता त्या वाटांकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यांच्यापाशी आहे. फ्रान्समधल्या सायकलवाटांचा मोठा हिस्सा सायकलींसाठी बांधलेलाच नव्हता. प्येर-पॉल रिकेच्या आखणीनुसार 1666 ते 1681 या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा 240 किलोमीटरचा कनाल द्यु मिदी खणला गेला, तेव्हा बोटी ओढायला काठावरून घोडे चालायचे. त्यांच्यासाठी वाट सोडलेली होती. नाँत ते ब्रेस्त हा 364 किलोमीटरचा कालवा नेपोलियनच्या काळात सुरू झाला, कारण इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला होता आणि माल आतल्या बाजूने न्यायला हवा होता. त्याच्याही काठाला तशीच वाट. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, घोडे गेले. वाटा उरल्या, पण त्यांच्यावर कुणालाही सायकल दामटायला मुभा नव्हती. काठ जलमार्ग खात्याचा, वाट खात्याच्या माणसांची. इतरांना परवानगी लागे.

हे चित्र बदललं ते कागदावर. मालकी जलमार्गाच्या संस्थेकडेच ठेवायची, पण त्याच जमिनीवर दुसऱ्या वापराचा हक्क करारानं नगरपालिकेला किंवा जिल्ह्याला द्यायचा. डांबर, पाट्या, अपघाताची जबाबदारी तिच्याकडे. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर 1997 मध्ये सायकलवाट झाली आणि ती इतकी गाजली की पुढच्याच वर्षी देशभराचा आराखडा निघाला. 2004 मध्ये 'व्हॉआ व्हेर्त', म्हणजे बिनइंजिनाच्या वाहनांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली वाट, हा रस्त्याचा स्वतंत्र प्रकार वाहतूक नियमांत लिहिला गेला. वाटेच्या तोंडाशी आडवा दांडा किंवा दोन खांब. सायकल जाते, मोटार अडते. त्या सगळ्या शांततेचं यंत्र एवढंच आहे: एक करार, एक नियम, एक दांडा.

रेल्वेचा भाग आपल्याला उसना घेता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मनमाडहून लासूर, औरंगाबादमार्गे सिकंदराबादला जाणारी निजामाच्या काळातली मीटर गेज या भागात 1990 च्या दशकात ब्रॉड गेज झाली, पण त्याच मार्गावर. तारूर, रोटेगाव, परसोडा, लासूर, पोटूळ ही स्टेशनं जिवंत आहेत, रूळ जिवंत आहेत. आणि जिथे गाडी खरोखर थांबली आहे, त्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या गावांत जाऊन सांगून पाहा, की तुमच्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर आता छान सायकलवाट करू या. लोक काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही. त्यांना गाडी हवी आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण कालवे? नांदूर मधमेश्वरपासून निघालेला जलद कालवा, लोकांच्या तोंडी एक्स्प्रेस कालवा, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. इगतपुरीकडच्या मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांचं पाणी तो वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांकडे आणतो, आणि लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यातच येतं. म्हणजे रामसर पाणथळ आणि लासूरचा परिसर यांना जोडणारी पाण्याची दोरी आधीच टाकलेली आहे. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा तर 208 किलोमीटर लांब, थेट परभणीकडे. कोणत्याही मोठ्या कालव्याच्या कडेला देखरेखीचा रस्ता असतोच, कारण शाखाभियंत्याच्या जीपला आणि पाटकऱ्याच्या मोटारसायकलला जावं लागतं. कालवा अगदी मंद उताराचा असल्याने वाट जवळपास सपाट. चढ नाही, वळणं संथ. सायकलस्वार स्वप्नात मागतो तो रस्ता हाच. जमीन संपादित झालेली आहे, भराव घातलेला आहे, पूल बांधलेले आहेत. आणि रिकेच्या घोडवाटेप्रमाणे हीही वाट कायद्याने सार्वजनिक रस्ता नाही, खात्याची आहे.

व्यवहारात ती सगळ्यांची आहे, हे काठच्या माणसाला सांगायला नको. शेतकरी तिच्यावरून खताची पोती नेतो, ट्रॅक्टरवाला मुख्य रस्त्याचे खड्डे चुकवायला तिच्यावर चढतो, वाळूवाल्यांना ती रात्री फार आवडते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतून बसतं, उन्हाळ्यात फुफाटा. तिच्यावरून चालायची परवानगी कुणालाच नाही आणि चालतात सगळे. अशा वाटेवर जो सर्वांत जड आणि सर्वांत दांडगा, त्याचंच राज्य येतं. नियम नसलेली जागा मोकळी असते, असं समजणाऱ्यांनी ट्रॉली मागून येत असताना पाटाच्या कडेने सायकल चालवून बघावी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरावाचा उतार.

इथे सर्वांत बळकट आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. फ्रान्सची खेडी शांत आहेत ती ओस पडली म्हणून. दलदलीचा काही भाग ज्या द-सेव्र जिल्ह्यात येतो, तिथे चौरस किलोमीटरला साठच्या आसपास माणसं राहतात. औरंगाबाद जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार 37 लाख लोक, म्हणजे चौरस किलोमीटरला साडेतीनशेहून जास्त. तिकडच्या कित्येक गावांत पावाचं दुकान बंद झालं, शाळा बंद झाली, घरं उन्हाळ्यापुरती उघडतात. सायकलवरून जाणाऱ्याला ती निवांतता गोड लागते. गावात उरलेल्या म्हातारीला विचारलं पाहिजे. आपल्याकडेही ओस गावाची शांतता आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या गावांत जाऊन या. म्हातारी माणसं, कुलूप लावलेली घरं आणि मधूनच एखादं कुत्रं. त्या शांततेचं पर्यटन कुणी करू नये.

म्हणून माझं म्हणणं असं, की शांतता दोन प्रकारची आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. एक माणसं गेल्याने येते, दुसरी इंजिनं गेल्याने. पहिली आयात करता येत नाही, आणि करूही नये. दुसरी माणसांनी गजबजलेल्या जागीही शक्य आहे. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसं असतात आणि मृदंग-टाळांचा गजर असतो, पण त्या पट्ट्यातून ट्रक वळवले जातात, तेव्हा लहान पोर आजीचा हात सोडून पुढे पळू शकतं. मला हवी असलेली शांतता या जातीची आहे. तिच्यात बोलणं असेल, बैलांच्या घुंगरांचा आवाज असेल, पंप चालू असेल. फक्त मागून येणाऱ्या चाकाची भीती नसेल.

दुसरा आक्षेप वर्गाचा. सायकलने दलदल बघायला जाणं ही पोट भरलेल्यांची चैन. लासूरच्या बाजारात कांद्याचा ढीग घालून बसलेल्याला तिचं काय! यात अर्धं खरं आहे. हेल्मेट, चष्मा आणि घट्ट कपडे घातलेले शहरी सायकलस्वार महाराष्ट्रात वाढले आहेत, आणि त्यांच्यासाठी कालव्याचा काठ सजवायला सार्वजनिक पैसा घालावा, असं मी म्हणणार नाही. पण गावाकडे आज सायकल चालवतं कोण? एके काळी ती हुंड्यात मागितली जायची, घड्याळ आणि रेडिओच्या बरोबरीने. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, सगळे तिच्यावर. मग मोटारसायकल आली आणि सायकल गरिबीची खूण ठरली. आज तिच्यावर बसतात त्या मुख्यतः आठवी ते बारावीच्या मुली. राज्याचा मानव विकास कार्यक्रम मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेला जायला सायकली देतो. चांगली योजना. पण सायकल दिली आणि तिला चालायला वाट दिली नाही. मुलगी त्याच रस्त्यावर निघते, ज्यावर कांद्याच्या ट्रॉल्या, उसाच्या बैलगाड्या, पिकअप आणि घाईतली काळी-पिवळी असते. दोघी शेजारी-शेजारी गप्पा मारत गेल्या तर मागचा कर्णकर्कश हॉर्न मारतो. फ्रान्सच्या सायकलवाटेवर मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच सोय: दोघांना शेजारून जाता येतं, तीन मीटर रुंदीत. प्रवासी हा त्या वाटेचा पाहुणा. मालकीण शाळेची मुलगी. वाट तिच्या मापाची झाली, की नांदूरचे पक्षी बघायला निघालेला पुण्याचा माणूस तिच्यावरून आपोआप जाईल, आणि वाटेत चहा-भजी खाईल. उलट क्रमाने केलं, तर पाट्या आणि सेल्फीचे चौथरे होतील आणि मुलगी हायवेवरच राहील.

उन्हाचा आक्षेप सोपा आहे, निदान अर्धा. एप्रिल-मेमध्ये या भागात दुपारी सायकल चालवणं वेडेपणा आहे, मान्य. पण पाणपक्षी येतात हिवाळ्यात, रब्बीची आवर्तनं सुटतात ती साधारण हिवाळ्यातच, आणि शाळाही तेव्हा चालू असते. उरतो सावलीचा प्रश्न. कनाल द्यु मिदीच्या काठाला चाळीस हजारांवर प्लेन वृक्ष होते. तिथे 2006 पासून बुरशीचा रोग आला आणि हजारो झाडं तोडावी लागली. आता दुसऱ्या जाती लावताहेत, कारण सावली गेली तर कालवाच बोडका होतो हे त्यांना कळतं. आपले अभियंते भरावावर झाड नको म्हणतात. ते हट्टाने म्हणत नाहीत. मुळं भरावात शिरली की तिथून पाणी पाझरतं, आणि फुटलेला कालवा ज्याने पाहिला आहे तो झाडाची बाजू घेणार नाही. पण भरावाच्या पायथ्याशी, वाटेच्या बाहेरच्या अंगाला कडुनिंब आणि करंज लावायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. रस्ते रुंद करताना आपण जुने वड आणि चिंचा इतक्या सहज पाडल्या, की सावली हाही रस्त्याचाच भाग असतो हे विसरून गेलो.

आता पाण्याचं राजकारण. ते टाळून दलदलीचं वर्णन करणारा लेखक मला खोटा वाटतो. ज्या प्रदेशातून तो निवांत सायकलमार्ग जातो, तिथेच 25 मार्च 2023 रोजी सेंत-सोलीन गावाजवळ हजारो आंदोलक आणि हजारो पोलिस समोरासमोर आले. अश्रुधूर, ग्रेनेड, जळणाऱ्या गाड्या, गंभीर जखमी. भांडण कशावरून? प्रचंड तळ्यांवरून. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात मका भिजवायचा. विरोधकांचं म्हणणं, जमिनीतलं पाणी सगळ्यांचं. ते उपसून काही शेतकऱ्यांच्या तळ्यात भरलं, तर ओढे आणि दलदल सुकणार. गंगापूर-वैजापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून अस्तर घातलेल्या शेततळ्यात भरायचं, हा प्रकार आपल्याकडे अनुदानासकट चालू आहे. शेततळ्यावर बाग जगते, शेजाऱ्याची विहीर आटते. फरक इतकाच, की तिकडे त्यावर रस्त्यावरची लढाई झाली आणि इकडे बांधावरची.

नांदूरच्या पाण्यावरूनही नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात दर तुटीच्या वर्षी तणातणी होतेच. एक्स्प्रेस कालव्यात आवर्तन सुटलं की टेलपर्यंत पाणी पोहोचेल का, हा प्रश्न शेवटच्या गावाला असतोच. वरचे पाइप टाकतात, खालचे आंदोलन करतात. कालव्याच्या काठाने सायकलवर जाणाऱ्याला हे दिसेल. दिसावं. मोटारीतून ऐंशीच्या वेगाने कालवा ओलांडताना दिसतो तो निळा पट्टा. सायकलवर बसून वीस किलोमीटर त्याच्या सोबत गेलं, की कुठे पाणी तुंबून आहे, कुठे अस्तर उखडलंय, कुठे रात्रीतून पाइप टाकलाय आणि कुठल्या चारीच्या तोंडाला कोरडी माती आहे, हे आपोआप वाचता येतं. संथ प्रवासाच्या बाजूने लोक नेहमी मनःशांतीचा दाखला देतात. मला हा दाखला जास्त पटतो: संथ माणूस साक्षीदार होऊ शकतो. काही अधिकाऱ्यांना आणि काही पाइपवाल्यांना हे आवडणार नाही, हीही त्या वाटेच्या बाजूने जमेची गोष्ट धरावी.

राहता राहिला आडव्या दांड्याचा प्रश्न, आणि इथे मी फ्रान्सची नक्कल करणार नाही. तिकडे दांडा मोटार अडवतो, मोपेड अडवतो, आणि काठच्या शेतकऱ्याला किल्ली किंवा परवानगी मिळते. आपल्याकडे दुचाकी हेच शेतकऱ्याचं वाहन. ज्याचं शेत त्या पाटावर भिजतं त्याला, पाटकऱ्याला आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला अडवलं, तर दांडा दुसऱ्या दिवशी भंगारात विकलेला असेल. अडवायची आहे ती आरपार जाणारी वाहतूक: हायवेचा टोल किंवा खड्डे चुकवायला पाटावर चढणारी पिकअप, रात्रीचा वाळूचा हायवा. त्यांना अडवायला सलग बंदी लागत नाही; दर काही किलोमीटरवर वाट मोटारीपुरती तोडली, की आरपार जाण्यात अर्थ उरत नाही, आणि आपल्या शेतापर्यंत जाणाऱ्याचं काही बिघडत नाही.

आणि किल्ली कुणाकडे? जलसंपदा खात्याकडे माणसं कमी आहेत, ग्रामपंचायतीचा कालव्यावर हक्क नाही. पण 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना चारीवरचं पाणी वाटण्याचा अधिकार दिला आहे. कागदावर तरी. जी संस्था कुणाला किती तास पाणी हे ठरवू शकते, ती कुणी वाटेवर यायचं हेही ठरवू शकेल, आणि दांडा उखडणारा कोण हे तिला खात्यापेक्षा आधी कळेल. यातल्या कित्येक संस्था नावापुरत्या आहेत, हे मला ठाऊक आहे. खातं, जिल्हा परिषद आणि अशी एखादी चालती संस्था यांच्यात दहा किलोमीटरचा करार करून बघायला हरकत नसावी, शाळा ज्या बाजूला आहे त्या बाजूने सुरुवात करून. दहा किलोमीटरवर भांडणं होतील. पहिलं भांडण बहुधा त्या संस्थेच्या अध्यक्षाच्याच पिकअपवरून होईल.